भोंग्याचा पत्ता

३ मे, शनिवार

नाय रं बाबा, बंद करायचा नाय. एकदा बंद केला तर परत चालू कुठनं करू, तुझ्या टाळक्यातनं?

हे मघाशी किरणला बोलले, फोनवर. किरण माझा लेक. पनवेलला असतो, बायकोसकट. होळीला आला तेव्हा बोललेला, आई, एकटी काय करतेस इथं, आमच्याकडं चल, एक खोली रिकामीच हाय. तेव्हापासून हात धुवून माझ्या मागं लागलाय. (आज विषय मीच काढला. पण लागलाय तो.) मी सांगितलं, कंप्युटर टाकून मी कशी येऊ? गावाला पाणी कोण देणार, तुझा सासरा?

कंप्युटर सदूचा. सदू म्हणजे माझा नवरा. जिता होता तोवर कधी नाव घेतलं नाय, आता वहीत घेते. येऊन मारतो का काय. साजगावला कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. कंपनीनं जुने कंप्युटर भंगारात काढले तेव्हा एक घरी उचलून आणला आन कौलावर भोंगा बसवला. रोज सकाळी साडेपाचला आन संध्याकाळी पाचला कंप्युटर आपोआप भोंग्यातनं ओरडतो: पाणी सोडलंय, उठा, हंडे लावा, चिंधे, गप्पा नंतर, आधी तुझी बादली बघ. आवाज माझा. सदूचा आवाज कोंबडीच्या पिल्लावर पाय पडल्यावानी, म्हणून माझा भरला.

टाकीचा व्हॉल्व्ह सोडतो धाकलू, पंचायतीचा पाणीवाला. कधी सोडतो? भोंगा ऐकला की. आन भोंगा कधी वाजतो? धाकलू व्हॉल्व्ह सोडतो त्या टायमाला, सदूनं त्याचाच टाइम बघून लावलेला. म्हणजे दोघं एकमेकाकडं बघून चाललेत आन मधी मी उभी. भोंगा गप तर धाकलू गप, धाकलू गप तर गाव तहानेलं.

सदूला जाऊन दोन वर्षं झाली. प्रोग्राम तेव्हापासून चालूच हाय. स्क्रीनवर प्रोग्रामचं चित्र नाय, नाव नाय. कुठनं चालतो ते सदूलाच ठाऊक, आन तो सांगून गेला नाय. चहात साखर कमी हाय, हे शेवटचं बोलला. लाइट गेली की सदूचा जुना इन्व्हर्टर तासभर धरतो, त्याच्या वर गेली तर शेजारच्या रिसॉर्टच्या जनरेटरवरनं मी वायर ओढलीय. दोन वर्षं एक मिनिट बंद पडू दिला नाय. सून तरी इतकी सांभाळली असती का मी. नाय.

४ मे, रविवार

ठराव. प्रोग्रामची फाइल मी स्वतः शोधणार. सातवी पास हाय मी. सातवीला वर्गात दुसरी आलेले. (वर्गात आमी दोघी होतो.)

किरणकडं जायचं म्हणून नव्हे. फाइल सापडली की दुसऱ्या कशात तरी भरून ठेवता येईल, मग कंप्युटर बंद राहिला तरी चालेल, मग चार दिवस कुठं तरी जाता येईल. कुठं तरी म्हणजे नेरळच्या नणंदेकडं. ती मला आवडत नाय. पण जाता येईल.

दुपारी. सर्चच्या खिडकीत इंग्लिशमधी pani लिहिलं. कंप्युटरनं बराच वेळ डोकं खाजवलं आन कसलंतरी कंपॅनियन काढून दाखवलं. त्याच्या पोटात ती चार अक्षरं हायत, पण ते पाणी आपलं नाय.

कंप्युटर पुसून घेतला. फडकं मागच्या लाल खुंटीला अडकवलं. सदूनं फडक्यासाठी मागं खुंटी पण दिलेली, दोरीसकट. तेवढं डोकं होतं माणसाला.

७ मे, बुधवार

खालापूरला गेले. बहिणीची पोर हर्षला, तहसीलच्या समोर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. छत्तीस वर्षांची झाली, स्थळं नाकारून नाकारून हात असा बसलाय की माझा प्रश्न पण आधी नाकारला. बोलली मावशी, गर्दी हाय, नंतर. मी तिच्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरवात केली की ही लहानपणी रात्री अंथरुणात काय करायची. लगेच खुर्ची दिली.

तिनं समजावलं ते असं. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे लावणीला आलेला गडी. शेतात वाकलेला दिसतो, त्याचं घर दिसत नाय. पण विचारलं तर सांगतो. विचारायला स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला लिहून दिलेला हुकूम. मला वाटलं चांगला पानभर असेल. तर एकच ओळ. गेट-प्रोसेस, मग उभी काठी, मग सिलेक्ट, नेम, पाथ. म्हणजे जेवढे गडी कामावर हायत तेवढ्यांची नावं आन पत्ते सांगा. एका रद्द फॉर्मच्या मागं लिहून दिली.

एवढ्यासाठी ही पोरं पगार घेतात.

परत येताना एस्टीत बाजूच्या बाईला सांगितलं, मी कंप्युटरवर स्क्रिप्ट लिहिते. ती सरकून बसली. मान दिला.

८ मे, गुरुवार

सकाळी. उभी काठी सापडत नाय. तिच्या जागी आयचा मोठा आय घातला. लाल अक्षरात लांबलचक उत्तर आलं.

दहा वाजता. एलचा छोटा एल घातला. परत लाल. आकड्यातला एक घातला. परत लाल. लाल म्हणजे शुभ असणार. फोटो काढून हर्षलाला पाठवला, पत्ता आलाय बघ. तिचा फोन आला. ते उत्तर नाय, शिव्या हायत म्हणे.

अर्धा दिवस काठी शोधली. शेवटी ती होती एंटरच्या डोक्यावर, शिफ्ट दाबल्याशिवाय उठत नाय. आमच्या किरणसारखी.

संध्याकाळी डोळे दुखले. आजच्यापुरतं बास. शोध लावणाऱ्यांचे डोळे जातातच.

१० मे, शनिवार

रिसॉर्टच्या मॅनेजरनं माझी वायर कापली. रूपेश नाव त्याचं, केसाला जेल लावतो. बोलला, तुमच्या भोंग्यानं पहाटे आमचे गेस्ट उठतात, त्यांनी मोबाइलवर एकच स्टार दिलाय. मी बोलले, तुझे गेस्ट रात्री दोनपर्यंत डीजेवर नाचतात ते आमाला चालतं, आन आमच्या बायकांनी पाणी भरलं तर स्टार पडतो होय रं? वर असं पण बोलले की जेल कमी लाव, माशा बसतात. हे शेवटचं बोलायला नको होतं. त्याच्या आधी थांबले असते तर वायर राहिली असती.

आता लाइट तासाच्या वर गेली की संपलं.

काय हरकत नाय. तोवर मी पत्ता काढते.

११ मे, रविवार

किरणचा फोन. मी सांगितलं, मी येणार नाय म्हणजे नाय, उगाच आग्रह करू नको. तो बोलला बरं.

नुसतं बरं. ही त्याची नवीन पद्धत हाय. आधी माणसाला गाफील करायचं.

कपाटात झुरळं झालीत. चांगल्या साड्या काढून मोठ्या बॅगेत भरल्या. बॅगेला चेन हाय, झुरळाला उघडत नाय. स्वेटर पण टाकला. पनवेलला थंडी नसते, पण स्वेटर झुरळं आधी खातात.

१३ मे, मंगळवार

हर्षलानं स्क्रिप्ट फाइल करून व्हॉट्सॲपवर पाठवली. बोलली, मावशी, आता टाइप करू नको, नुसती चालव. केबलनं मोबाइल जोडून फाइल कंप्युटरवर आणली. हे मी एकटीनं केलं. कुणाला खोटं वाटेल म्हणून चिंधीला बोलवून दाखवलं.

चिंधी शेजारीण. भोंग्यात तिचं नाव हाय म्हणून रोज सकाळी तोंड वाकडं करते, पण नाव आलं नाय तर रडेल. तिला स्टुलावर बसवलं. बोलले, बघ, आता हा कंप्युटर मला सगळ्यांची घरं सांगणार. डबल क्लिक केलं. कंप्युटरनं एक कोरी वही उघडली आन हर्षलानं लिहिलेलं मलाच वाचून दाखवलं. परत क्लिक केलं, परत वही. चिंधीनं विचारलं, हे तर तूच त्याला दिलेलं ना गं? मी बोलले, तो खात्री करून घेतोय.

ती गेल्यावर हर्षलाला फोन केला. ही फाइल डबल क्लिकनं चालत नाय, राइट क्लिक करून रन करायची. तसं केलं. लाल अक्षरं. या कंप्युटरवर स्क्रिप्ट चालवायला बंदी हाय, असं लिहिलंय म्हणे. कुणी घातली बंदी? घर माझं, लाइटबिल मी भरते. हर्षला बोलली बंदी पहिल्यापासूनच असते, ती उठवायची वेगळी ओळ लागते.

लग्नाच्या घरात पण इतकी अडवणूक बघितली नाय मी, आन मी तीन सासवांच्या घरात नांदलेय.

१५ मे, गुरुवार

मोठा दिवस. बंदी उठवली. यादी आली.

यादी म्हणजे काय, जत्रा. पन्नास तरी नावं असतील. काहींच्या पुढं पत्ता, काहींच्या पुढं कोरं. हर्षलाला फोन लागेना, आज तिला बघायला पाव्हणे आलेत. (नाकारणार.) मग मी माझं डोकं चालवलं. एकेकाला बंद करत जायचं. ज्याच्यानंतर भोंगा गप होईल तो आपला. साधी गोष्ट. शिकलेल्यांना सुचत नाय.

पहिल्यांदा एक्सप्लोरर नावाचा दिसला. नाव परकं वाटलं, आपल्या गावातला नाय. बंद केला.

सगळं गेलं. खालची पट्टी गेली, चित्रं गेली, पडद्यावर नुसतं निळं आकाश. मी देवासमोर दिवा लावला. सदूला चार शिव्या दिल्या, कुठं काय ठेवलंस ते सांगायला एक मिनिट लागलं असतं, साखरेवरनं बोलायला वेळ होता. मग पाच वाजायची वाट बघत जमिनीवर बसले. भोंगा वाजला नाय तर धाकलूला स्वतः पळत जाऊन सांगायचं ठरवलं. चपला घालून बसले.

पाचला भोंगा वाजला. पाणी सोडलंय, उठा.

माझ्याच आवाजानं मी दचकले. किती खणखणीत आवाज होता माझा. आता तसा निघत नाय.

हर्षलाचा रात्री फोन आला. तो परका नव्हता, कंप्युटरचा पडदा सांभाळणाराच तो होता. परत आणायची युक्ती तिनं सांगितली, आणला. पाव्हण्यांना तिनं नाकारलं. मुलगा तिला बोलला, तुमाला स्वयंपाक येतो ना? ती बोलली, येतो, तुमाला फॉर्म भरता येतो ना?

माझीच भाची.

१७ मे, शनिवार

सापडला. सापडला. सापडला.

हर्षलानं सांगितलं होतं, भोंगा वाजत असताना यादी काढ, आन जे नाव ओळखीचं नाय ते मला वाचून दाखव. संध्याकाळी पाचला भोंगा ओरडत असताना मी यादी काढली. एक नाव होतं डब्ल्यूस्क्रिप्ट. नावातच स्क्रिप्ट. पुढं पूर्ण पत्ता, सी, विंडोज, सिस्टिम बत्तीस. मी वहीत उतरवून घेतला.

लगेच किरणला फोन. बोलले, किरण, फाइल सापडली, आता कंप्युटर बंद केला तरी चालतो, मी मोकळी. तसं मी काय कुठं येणार नाय म्हणा. तो बोलला वा आई, आन मीटिंगमधी हाय बोलून ठेवला. शनिवारची मीटिंग. मीटिंग कसली, सुनेनं लोळायला उशी मागितली असणार.

रात्री. हर्षलाला कळवलं. ती हसायला लागली ती थांबेना. डब्ल्यूस्क्रिप्ट आपला प्रोग्राम नाय म्हणे. तो विंडोजचाच गडी, दुसऱ्याच्या स्क्रिप्टा वाचून चालवणारा. सदूनं पण स्क्रिप्टच लिहिलेली होती आन ती या गड्याच्या हातात दिलेली. मी त्या गड्याचा पत्ता काढला. हर्षला बोलली, मावशी, तू एस्टीच्या ड्रायव्हरला विचारलंस कुठनं आलास, आन त्यानं डेपो सांगितला.

म्हणजे स्क्रिप्ट शोधायला मी स्क्रिप्ट चालवली आन सापडला स्क्रिप्ट चालवणारा. सदूनं जन्मभर एक गोष्ट सरळ सांगितली नाय, मेल्यावर कशाला सांगेल.

किरणला आता काय सांगू नये. सापडल्यासारखंच हाय.

१९ मे, सोमवार

वायरमन सांगून गेला, शुक्रवारी पावसाळ्याआधीची लाइनची कामं हायत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लाइट नाय. मी त्याला चहा दिला, लाडू दिला, विचारलं माझ्या एकटीच्या घरी चालू ठेवता येईल का. त्यानं लाडू खाल्ला.

रूपेशकडं पण गेले. जेलची माफी मागितली नाय पण केस चांगले दिसतात असं बोलले. तो बोलला, जनरेटर तुमाला नाय.

म्हणजे शुक्रवारी दहाला इन्व्हर्टर संपणार, कंप्युटर बंद पडणार, आन पत्ता माहीत नसला तर भोंगा कायमचा गेला. गावाचं पाणी गेलं. हे सगळं माझ्या डोक्यावर.

२० मे, मंगळवार

विनिताचा फोन. विनिता माझी सून. कधी स्वतःहून करत नाय, म्हणून मी तीन वेळा वाजू दिला. बोलली, आई, रविवारी किरण येतायत तुमच्याकडं, घरीच राहा, सामानाचा टेंपो घेऊन येतायत. काय ते विचारू नका, सरप्राइज हाय.

टेंपो.

मी पण काय कच्ची नाय. बरं बोलले, फोन ठेवला.

आता हा माणूस मला न विचारता माझं सामान उचलायला येतोय. जबरदस्ती हाय ही. मी चांगली सुनावणार. मी सांगणार, माझं घर हाय, माझा कंप्युटर हाय, मी दोन दिवस विचार करणार आन मगच कळवणार. दोन नाय, एक.

सुकट भाजून डब्यात भरली. पापड बांधले. हे असंच, कुणी आलं गेलं तर. डबे बॅगेच्या बाजूच्या पिशवीत ठेवले कारण मांडणीवर मुंग्या हायत.

चिंधीला सहज विचारलं, मी समज नसले तर तुळशीला पाणी घालशील का. ती बोलली, कुठं निघालीस? मी बोलले, मरण कुणाला सांगून येतं का. ती घाबरून दोन वाट्या खीर देऊन गेली.

२२ मे, गुरुवार

हर्षला स्वतः आली. दुकान दुपारी बंद करून, स्कूटीवर, उन्हातनं. बोलली, तुझ्या फोनपेक्षा पेट्रोल स्वस्त.

मी तिला सांगितलं आज पत्ता काढल्याशिवाय जायचं नाय, उद्या लाइट जातेय. तिनं विचारलं, मावशी, खरं सांग, एवढी घाई पाण्याची हाय का दुसरी कसली? मी बोलले, तुला लग्नाची घाई नाय म्हणून कुणालाच घाई असू नये का. मग ती मशिनीसमोर बसली.

तिनं दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ही नुसता पत्ता विचारत नाय. गड्याला विचारते की तुला कामाला लावताना हातात कुठली फाइल दिली, ती दाखव. एंटर मारलं. एकच ओळ आली. हर्षलानं मोठ्यानं वाचली: ई, भोंगा, भागू.

ई म्हणजे ड्राइव्ह, भोंगा म्हणजे खोकं, भागू म्हणजे फाइल. भागू म्हणजे मी.

खोक्याला नाव दिलं भोंगा आन आत मला ठेवलं. एवढी वर्षं मला समोर कधी भोंगा बोलायची छाती झाली नाय त्याची. तोंडात बोललं असतं तर लाटणं मारलं असतं, म्हणून कंप्युटरला सांगून ठेवलं.

हर्षलानं विचारलं, ई ड्राइव्ह कुठाय, या कंप्युटरला तर सी आन डी दोनच हायत. मी बोलले मला काय ठाऊक. ती उठली, कंप्युटरच्या मागं वाकली, माझं फडकं हातात घेऊन उभी राहिली. बोलली, हे कशाला अडकवलंयस? मी बोलले खुंटीला. ती बोलली, खुंटी नाय, पेन ड्राइव्ह हाय हा.

लाल. दोरीवाला. दोन वर्षं मी रोज त्यावर फडकं वाळत घातलं. नशीब ओढला नाय.

हर्षला खाली बसून हसली. मी पण हसले. मग मी उगाच आत जाऊन चहा ठेवला. साखर जास्त घातली.

सगळं तिनं माझ्या जुन्या मोबाइलवर भरून दिलं. गजर लावून दिला. तो भोंग्याला जोडला की झालं, कंप्युटरची गरजच नाय. मोबाइल चिंधीकडं दिला तरी चालेल, मी असले नसले सारखंच. कंप्युटरवर पण तिनं एक चित्र ठेवलं, डबल क्लिक केलं की प्रोग्राम चालू.

जाताना ती बोलली, मावशी, मोकळी झालीस. मी बोलले, हो.

२३ मे, शुक्रवार

नऊला लाइट गेली. दहाला इन्व्हर्टरनं कुई केलं आन कंप्युटर मेला. दोन वर्षांनी पंखा थांबला. घर इतकं शांत असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मोबाइल होता, पण भोंग्यालाच लाइट नाय. हे आमच्या दोघींच्या पण डोक्यात आलं नाय. पाचला भोंगा गप राहणार, धाकलू गप राहणार. पावणेपाचला मी चपला घालून टाकीकडं निघाले. ऊन असं की पाय भाजत होते. गावासाठी हे पण केलं.

टाकीवर पोचले तर धाकलू व्हॉल्व्ह सोडून बिडी ओढत बसलेला. मी विचारलं, भोंगा तर वाजला नाय, तुला कसं कळलं? त्यानं खिशातनं मोबाइल काढून दाखवला. गजर लावलाय त्यानं. कधीपास्नं?

बोलला, "वयनी, सदूभाऊ गेले तेव्हापास्नं. म्हणलं तुमचा भोंगा कधी बंद पडंल, काय सांगावं."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाय? तो बोलला, तुमी एवढ्या आवडीनं वाजवता.

येताना बघितलं, सगळ्यांचे हंडे नळाखाली. चिंधीची बादली पण. तिला विचारलं, आज भोंगा नव्हता तर? ती बोलली, अगं बाई, नव्हता का?

ठीक हाय. उलट बरं झालं. आता कुणी बोलायला नको, भागूबाई गावाला पाण्याशिवाय टाकून गेली. सगळं नीट लागलं. पत्ता सापडला, मोबाइलवर भरलं, धाकलूचा गजर हाय, तुळशीला चिंधी हाय. आता रविवारी किरण बोलला तर मी एकदा नाय बोलणार. एकदाच.

२४ मे, शनिवार

घर झाडलं. सिलेंडर बंद करायचा असतो ते पाटीवर लिहून ठेवलं, मी विसरते म्हणून.

केस धुतले. उन्हाळ्यात धुवावेत.

२५ मे, रविवार

अकराला टेंपो वळणावर दिसला. मी काय वाट बघत दारात उभी नव्हते, कोंबड्या हाकलत होते. (कोंबड्या सदू असतानाच विकल्या.)

किरण उतरला. पाया पडला. वाळलाय. मी बोलले, बायको जेवायला घालत नाय, का नुसता तुझा क्लास घेते? तो बोलला, आई, तुला कसं कळलं, क्लासच घेते. विनितानं शिवणाचा क्लास काढलाय. मागच्या खोलीत. त्या रिकाम्या खोलीत. चार मशिनी बसवल्या, बायका येतात, चांगलं चाललंय.

मी बोलले, वा.

मग त्यानं टेंपोचा फळका पाडला. आत एक मोठा डबा, त्याच्या बाजूला बैलाच्या मुंडक्याएवढी बॅटरी. नवाकोरा इन्व्हर्टर. दोन माणसांनी उचलून आत आणला. दिवसभर लाइट गेली तरी कंप्युटर चालतो म्हणे. पाच वर्षं गॅरंटी. किरण घाम पुसत कंप्युटरशेजारी उभा राहिला आन बोलला:

"आई, तू बरोबर बोलत होतीस. मी उगाच तुझ्या मागं लागलेलो. तुझा जीव इथं हाय. आता लाइट जाऊ दे नायतर राहू दे, तुला घर सोडायची गरजच नाय."

मी सांगणार होते की फोनवर मीटिंगच्या घाईत तू ऐकलं नसशील, पण आता फाइल खरंच सापडली. मोबाइलवर भरली. कंप्युटर भंगारात दिला तरी चालतो. सगळं तोंडापर्यंत आलेलं. त्याचा चेहरा बघितला. शाळेत बक्षीस मिळाल्यावर असा उभा राहायचा.

मी बोलले, मोठा आणलास रं. एवढा कशाला.

त्यानं वायरी जोडल्या. कंप्युटर चालू केला. विचारलं, तुझा प्रोग्राम कुठनं चालू होतो? दोन वर्षं मला पण हेच ठाऊक नव्हतं. मीच पुढं झाले, चित्रावर डबल क्लिक केलं. चालू झाला. तो बोलला, आई, तू एकदम एक्स्पर्ट झालीस.

जेवायला कॉटजवळ बसला तेव्हा त्याला खाली बॅग दिसली. बोलला, बॅग कुणाची गं? कुठं निघालीस का?

मी बोलले, कुठं नाय. कपाटात झुरळं झालीत.

सुकटीचा डबा आन पापड त्याच्या हातात दिले. चारला टेंपो गेला, किरण पण त्यातनंच गेला. ड्रायव्हरला पण थोडी सुकट दिली.

पाचला भोंगा वाजला. पाणी सोडलंय, उठा, हंडे लावा. धाकलूनं पाच मिनिटं आधीच सोडलेलं. चिंधीची बादली भरून वाहत होती आन चिंधी रस्त्यावर गप्पा मारत होती.

साड्या अजून काढल्या नायत बॅगेतनं. झुरळं नायत कपाटात. कधीच नव्हती.

मला जायचं होतं.